भिंगाचा गाभा

ऋचाने निहारच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला, तरी खळगा तसाच राहिला.

खो-खोच्या सरावाहून येऊन तो सोफ्यावर आडवा झाला होता. दोन्ही पाय आईच्या मांडीवर टाकून, सर नेहमी आपल्यालाच कसे आधी पळवतात याची तक्रार चालली होती. ऋचा फिजिओथेरपिस्ट होती. अमरावतीत रुक्मिणीनगरात तिचं लहानसं क्लिनिक होतं, आणि तिचे पेशंट आपसांत म्हणत की मॅडमना डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून बोटांनी जास्त दिसतं. हे तिला कधीच आवडलं नव्हतं. बोटांना जे कळतं ते सरावानं कळतं, भरपाई म्हणून नाही, असं ती सांगायची. पण त्या संध्याकाळी बोटांना जे कळलं त्याला सराव लागत नव्हता. बारा वर्षांच्या मुलाच्या पायात पाणी साठत होतं.

तिनं दुसरा पाय दाबून पाहिला. तिथंही तेच. मग मनगट हातात घेतलं. पडून असतानाही त्याची नाडी धावत होती आणि मधूनच एखादा ठोका गाळत होती.

काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. मोजे घट्ट होते का, असं तिनं उलट विचारलं. ते सैल होते, खाली घसरत होते, हे त्यानं सांगितलं आणि जेवायला काय आहे याची चौकशी केली. घरात शिरल्यापासून त्याला जिन्याचा दम लागलेला होता, तो अजून गेला नव्हता, हे तिच्या आता ध्यानात आलं.

दोन दिवसांनी गावातल्या हृदयतज्ज्ञानं पडद्यावर निहारचं हृदय दाखवलं. ऋचा उजवा डोळा पडद्याला जवळजवळ चिकटवून बघत होती, सौरभ मागे उभा होता. हृदय मोठं झालं होतं आणि त्याची पकड ढिली पडली होती. फुगवून सोडलेल्या फुग्याचं रबर जसं नंतर लुळं राहतं तसं. घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास, असं डॉक्टरांनी विचारलं. सौरभनं नाही म्हटलं. ऋचाकडूनही कुणाला नव्हता. त्यांच्याकडे त्रास डोळ्यांचा होता. ते ऐकून डॉक्टरांचा हात थांबला. हा मुलगा ‘राखण’ प्रकल्पातला आहे का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि नागपूरला लगेच फोन करा म्हणाले.

ऋचाच्या आजोबांना जन्मापासून दिसत नव्हतं. वडिलांना कडेकडेचं दिसायचं. भाऊ मंदार अंगावर पीत होता तेव्हाच त्याची दोन्ही भिंगं काढली, पण पुढे डोळ्यांत दाब वाढला आणि शाळेत जायच्या वयापर्यंत उजेड आणि अंधार एवढाच फरक त्याला उरला. ऋचाचा डावा डोळा कामातून गेला, उजवा जाड काचेच्या आधारानं चालला. तो सतत थरथरायचा. समोरच्याला वाटायचं, ही बाई आपल्याकडे बघतच नाही. परतवाड्याला त्यांच्या गल्लीत या घराला पांढऱ्या डोळ्याचे म्हणत, आणि ते कुणी लपूनछपून म्हणत नसे.

कारण कळायला ऋचाला कॉलेजात जावं लागलं. गर्भ चवळीच्या दाण्याएवढा असतो तेव्हा त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंना एकेक वाटी फुगून बाहेर येते. त्या वाटीसमोरची कातडी जाड होते, आत दबते, आणि शेवटी सुटून तिचा एक पोकळ बुडबुडा होतो. मग बुडबुड्याच्या मागच्या भिंतीतल्या पेशी लांब होऊ लागतात, इतक्या की पोकळी भरून जाते. हे झालं भिंग. त्यानंतर या पेशी एक विलक्षण गोष्ट करतात. क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांनी त्या स्वतःला ठासून भरतात आणि जवळचं बाकी सगळं टाकून देतात, अगदी स्वतःचं केंद्रकसुद्धा. प्रकाशाच्या वाटेत येईल असं काही उरत नाही. उरतात ती फक्त प्रथिनं, इतक्या दाटीनं आणि नेमानं बसलेली की प्रकाश न विखुरता आरपार जातो.

मात्र त्या पेशींना पुन्हा कधी नवं प्रथिन बनवता येत नाही. पुढे आयुष्यभर भिंगावर बाहेरून थर चढत राहतात, कांद्यासारखे, पण गाभा तोच. रक्त बदलतं, कातडी बदलते, हाडंसुद्धा बदलतात. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यातला गाभा मात्र आईच्या पोटात बनलेलाच असतो.

या प्रथिनांमध्ये अल्फा नावाचं एक आहे, ते राखणदाराचं काम करतं. एखाद्या प्रथिनाची घडी मोडली, ते सैल पडलं, की अल्फा त्याला धरून ठेवतं, शेजाऱ्यांना चिकटू देत नाही. ऋचाच्या घराण्यात बिघाड होता गॅमा प्रथिनाचा. जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं. त्यामुळे गॅमाची घडी नीट बसत नसे, आणि अशी सैल प्रथिनं इतकी होत की राखणदार पुरा पडत नसे. मग सगळं एकमेकांना चिकटायचं. अंडं उकडलं की आतलं पारदर्शक पाणी पांढरं होतं, तसंच काहीसं. मूल जन्माला यायचं ते बाहुल्यांत पांढरे ठिपके घेऊन.

नागपूरच्या संस्थेत डॉ. मीनल तळवेलकरांनी यावर उपाय काढला होता. त्यांनी अल्फाचा एक बळकट प्रकार तयार केला, नैसर्गिक अल्फापेक्षा कितीतरी पट जास्त प्रथिनं धरून ठेवणारा. तो बनवण्याची सूचना सूक्ष्म कणांमध्ये भरून, बारीक सुईनं गर्भाजवळ सोडायची. भिंगाच्या पेशी ती सूचना उचलत आणि ठासून भरायच्या काळातच हे राखणदारही भरून घेत. ते पोचले की नाही हे नंतर बघता यावं म्हणून प्रत्येकाला एक खूण जोडली होती. जांभळा दिवा टाकला की ती हिरवट चमके. प्रकल्पाचं नाव त्यांनी साधं ठेवलं, राखण. अट एकच होती. बुडबुडा भरायला लागतो ते थोडेच दिवस असतात. पाळी चुकल्यावर बाईनं लगेच यायचं.

आणि घोडं तिथंच अडलं. त्या भागात, आणि ऋचाच्या घरात तर फारच, पहिले तीन महिने पोटातल्या जिवाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. नवऱ्याला सांगायचं, तेही आडून. दवाखान्यात जाणं म्हणजे गावभर सांगणंच. छायाबाईंनी, म्हणजे ऋचाच्या आईनं, मंदारच्या आधी दोन गर्भ गमावले होते, आणि दोन्ही वेळा आपण आनंदाच्या भरात धाकट्या जावेला सांगून बसलो, हे त्यांच्या मनातून कुणी काढू शकलं नव्हतं. प्रकल्पात नावं दिलेल्या बहुतेक बायकांच्या घरी असंच होतं. नागपूरला जायचं तर कारण सांगावं लागणार, म्हणून त्या दिवस ढकलत आणि उशिरा पोचत. त्यांच्या मुलांना दिसू लागलं, पण धुरकट.

लवकर कुणाला सांगू नको, असं आईनं बजावलं असूनही ऋचा वेळेवर गेली. पाळी चुकली त्याच आठवड्यात तिनं नागपूरला फोन केला, आणि भिंगाचा बुडबुडा भरायला लागला असेल त्या दिवशी ती टेबलावर झोपलेली होती. आईला नंतर कळलं तेव्हा छायाबाई पंधरवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. डॉ. तळवेलकर मात्र आपल्या भाषणांत तिचं उदाहरण देत. आया अशा हव्यात, असं त्या म्हणत.

बाळ जन्मल्यावर छायाबाईंनी निरांजन पेटवून त्याच्या तोंडासमोर धरलं. त्या घरात प्रत्येक मुलासमोर ते धरलं गेलं होतं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी उठून बाहेर गेलं होतं. या वेळी त्यांनी निरांजन डावीकडे नेलं, बाळाचे डोळे डावीकडे गेले. उजवीकडे नेलं, उजवीकडे गेले.

"वं ऋचा," छायाबाई म्हणाल्या, "हा तं मले पाहून राह्यला."

हृदयतज्ज्ञाच्या सांगण्यावरून ते नागपूरला गेले त्या दिवशी संस्थेत बाकांवर ओळखीचे बरेच चेहरे होते. प्रकल्पातली सगळी मुलं बोलावली होती. निहार जांभळ्या दिव्यासमोर हनुवटी टेकवून बसला, त्याला ते यंत्र आवडलं, त्याबद्दल तो प्रश्न विचारत राहिला. त्याच्या डोळ्यातला गाभा कसा दिसतो ते तंत्रज्ञानं पडद्यावर दाखवलं. काळ्याभोर बाहुलीच्या आत हिरव्या उजेडाचा एक थेंब. इतका तेजस्वी थेंब तोवर त्या खोलीत दिसला नव्हता. तंत्रज्ञ मुलगी नवी होती. तिला वाटलं, ही चांगली गोष्ट आहे, आणि तिनं तसं बोलूनही दाखवलं.

निहारला सोबत आलेल्या छायाबाईंजवळ बाहेर बसवून डॉ. तळवेलकरांनी ऋचा आणि सौरभला आत घेतलं. त्यांनी पाल्हाळ लावलं नाही. अल्फा प्रथिन भिंगाखेरीज आणखी एका ठिकाणी भरपूर असतं, ते म्हणजे हृदयाच्या स्नायूत, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. म्हणून सूचनेला एक कळ बसवली होती. ती फक्त भिंगाच्या पेशीत चालू व्हावी अशी. पण त्या दिवसांत गर्भाचं डोकं छातीवर वाकलेलं असतं, डोळा आणि हृदय जवळजवळ शेजारी असतात, आणि हृदयाच्या पेशी अजून कच्च्या असतात. त्यातल्या काही पेशींत ती कळ चालू झाली आणि पुन्हा बंद झालीच नाही. बारा वर्षं त्या पेशी हे बळकट प्रथिन बनवत राहिल्या. स्नायूच्या धाग्यांना जे सोडून द्यायला हवं तेही ते धरून ठेवत होतं. आता तिथं गुठळ्या झाल्या होत्या.

सौरभनं विचारलं, सगळ्या मुलांचं असंच आहे का.

नव्हतं. ज्या बायका उशिरा आल्या त्यांच्या मुलांच्या हृदयाच्या पेशी तोवर पक्क्या झाल्या होत्या आणि कळ तिथं चालली नव्हती. ती मुलं ठणठणीत होती. चष्मा होता, फळ्यावरचं दिसत नव्हतं, पण पळत होती. हृदयातलं प्रथिन मोडतं आणि नवं बनतं, त्यामुळे तिथं मोजून सुरुवातीची मात्रा कळत नाही. भिंगात काही मोडत नाही. म्हणून गाभ्यातली चमक पाहायची. ती जितकी जास्त, तितकी मात्रा अचूक वेळी लागू पडलेली.

ऋचाला ते वाक्य पुरं व्हायच्या आतच समजलं होतं. ती अगदी वेळेवर गेली होती.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर कोंढाळी आली. निहारला झोप लागली होती. छायाबाईंना काय ते सौरभनं हळू आवाजात सांगितलं.  मग लेकीच्या कानाशी येऊन त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, "मी तुले म्हटलं होतं ना माय, इतक्या लवकर कोणाले सांगू नको."

उपाय नव्हता असं नाही, तोही डॉ. तळवेलकरांनी त्याच दिवशी सांगितला होता. आधी आजारी पडलेल्या मुलांसाठी संस्थेनं घाईघाईनं एक औषध तयार केलं होतं, विराम. बाहेरून घातलेली सूचना शरीरात जिथं जिथं असेल तिथं ते गप्प करायचं. हृदयात नवं प्रथिन बनणं थांबलं की स्नायू हळूहळू गुठळ्या साफ करू लागे. भिंगाच्या गाभ्याला त्यानं काही होत नव्हतं. पण भिंगाचे बाहेरचे थर वाढत्या मुलात रोज चढत असतात, आणि राखणदाराशिवाय चढलेला प्रत्येक थर आता ऋचाच्या घराण्याच्या जुन्या वळणावर जाणार होता. सायीसारखा पांढरा. काही महिन्यांत डोळे झाकले जाणार. हृदय सुधारलं तर पुढे शस्त्रक्रिया करून साय काढता येईल. सुधारलं नाही, तर भूल सोसणारच नाही.

म्हणून एक रेषा आखली होती. गाभ्यातली चमक त्या रेषेच्या खाली असेल तर हृदय वाचण्याजोगं. वर असेल तर विराम देऊन फक्त डोळे जातील. निहारची चमक रेषेच्या बरीच वर होती. हृदय बदलायच्या यादीत त्याचं नाव घातलं, पण मुलाच्या मापाचं हृदय मिळणं म्हणजे काय ते तिघांनाही कळत होतं. रेषेच्या वरच्यांना आम्ही विराम सुचवत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आईवडील दोघांनी सही करून मागितलं तर मात्र देऊ.

ऋचानं विचारलं, ही रेषा किती मुलांवरून आखली. डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. मूठभर, आणि बाकी उंदरांवरून.

घरी आल्यावर सौरभचं ठरलेलं होतं. तो पॉलिटेक्निकमध्ये यंत्रं शिकवायचा. काहीतरी करता येत असताना हात बांधून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. डोळे गेले तर गेले, ऋचाचे कुठे धड आहेत, तिचं काय अडलं, असं तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, आणि वाक्य तोंडातून गेल्यावर त्यालाही ते ऐकू आलं. पण त्यानं ते मागे घेतलं नाही.

"माझं काय अडलं ते तुला इतक्या वर्षांत दिसलं नाही," ऋचा म्हणाली.

"मग सांग ना. सांग मला, तुझं आयुष्य जगण्यासारखं नव्हतं का? नसेल तर सही करू नकोस."

 तिचं आयुष्य जगण्यासारखं होतं. पण ती या डोळ्यांनीच जन्मली होती. पाळण्यातच तिची बोटं भिंती ओळखायला शिकली. निहारचं तसं नव्हतं. तो बघून जगणारा मुलगा होता. भाजीत मोहरी किती आहे ते बघायचा, आईच्या डोक्यावर नवा पांढरा केस आला की तो आधी त्याला दिसायचा, खो-खोच्या पाटीवर धावताना समोरच्या गड्याचा खांदा कुठे वळतोय ते बघून तो आधीच पलटायचा. त्याला काही महिन्यांत अंधारात ढकलायचं, त्याच महिन्यांत त्याचा श्वासही तुटत जाणार, आणि मग तो विचारेल की हे कशासाठी, तेव्हा एका रेषेकडे बोट दाखवायचं, तीही तो जिच्या पलीकडे आहे अशी. हे तिला जमणार नव्हतं. एका दुपारी तिनं निहारलाच विचारलं. एक औषध आहे, ती म्हणाली, त्यानं हळूहळू दिसेनासं होईल, आणि छातीला बरं वाटेलच असं नाही. घ्यायचं का?

निहारनं विचारलं, मग मी परत खेळीन का. बहुतेक नाही, असं तिनं सांगितलं.

"मग काहून घेऊ?" तो म्हणाला.

हे तिनं सौरभला सांगितलं. तो भांडी घासत होता. नळ बंद करून त्यानं हात पुसले.

"तू प्रश्नच असा विचारलास की उत्तर एकच यावं."

ते खरं होतं. तिलाही ते विचारतानाच माहीत होतं. तिनं सही केली नाही. सौरभनं आपली सही करून कागद तिच्या टेबलावर ठेवला होता. तो तिथंच राहिला, आणि एक दिवस त्यांच्याकडे राहायला आलेल्या छायाबाईंनी तो घडी करून कपाटात टाकला.

त्यानंतर दोघं एकाच घरात दोन पाळ्या केल्यासारखे राहू लागले. सकाळ तिची, संध्याकाळ त्याची. औषधं, पाण्याचं माप, वजन एवढंच बोलणं. निहारला ते कळत होतं, पण तो त्याबद्दल विचारत नसे. आधी त्याची शाळा सुटली, मग जिना सुटला. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि समोरच्या मैदानावरच्या खेळाचं वर्णन आजीला ऐकवायचा. कोण बाद झालं, कुणी उगाच पडल्याचं नाटक केलं. छायाबाई त्याला मध्येच थांबवून विचारायच्या, इतक्या दुरून तुला दिसतंय की थापा मारतोस. तो शर्टाच्या बटणांचे रंग सांगायचा.

सौरभला त्या दिवसांत फोन फार येत. तो उठून जिन्यात जाऊन बोलायचा. ऋचानं एकदोनदा कान दिला, मग सोडून दिलं. त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर वाटू दे, एवढंच तिच्या मनात आलं. दिवाळीनंतर त्याच्या वागण्यात थोडा फरक पडला. तिच्यासाठी चहा करून तो क्लिनिकच्या दारापर्यंत आणून देऊ लागला. बोलत नसे, कप ठेवून जाई. हा राग विझल्याचा चहा आहे की थकल्याचा, हे तिला ठरवता आलं नाही, पण ती तो पीत असे.

मार्चमध्ये निहार खुर्चीतूनही उठेनासा झाला. त्याची कॉट खिडकीजवळ लावली. उशांचा ढीग करून तो बसूनच झोपायचा, कारण आडवं पडलं की छातीत पाणी चढायचं.

त्याच महिन्यात एका सकाळी डॉ. तळवेलकरांचा फोन क्लिनिकवर आला. ऋचा एका आजोबांचा खांदा मोकळा करत होती. त्यांना थांबायला सांगून ती मागच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी प्रकृतीची चौकशी केली आणि मग, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, अशी सुरुवात करून सांगितलं. अकोल्याची एक मुलगी होती, तनया इंगळे. तिच्या गाभ्यातली चमक निहारपेक्षाही थोडी जास्त होती. तिच्या आईवडिलांनी हट्टानं विराम घेतलं होतं. डोळे गेले, ठरल्यासारखे. पण हृदय हळूहळू सावरलं होतं, इतकं की गेल्या आठवड्यात भूल देऊन तिची भिंगं काढता आली. रेषा चुकली होती. ती आता बरीच वर सरकवणार होते.

"आता दिलं तर?" ऋचानं विचारलं.

 "विरामचा परिणाम दिसायला महिने लागतात, ऋचाताई. तेवढे महिने त्याच्या हृदयात नाहीत. मी त्याचे सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले, आज पहाटे बसून पाहिले. नाहीत."

ती परत आली आणि आजोबांचा खांदा पुरा केला. त्यांना पुढच्या वेळचे व्यायाम समजावून सांगितले. मग क्लिनिक बंद करून घरी गेली.

सौरभ घरीच होता. स्वयंपाकघरात निहारसाठी मुगाचं पाणी गाळत होता. छायाबाई देवळात गेल्या होत्या. ऋचानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मुलीचं नाव, गाव, चमक, शस्त्रक्रिया. काहीही गाळलं नाही. माझं चुकलं, हे शब्द मात्र तिला म्हणता आले नाहीत. ते त्या बातमीतच होते. तो आता ओरडेल, किंवा भांडं आपटेल, किंवा नुसता निघून जाईल, असं तिला वाटलं, आणि यातलं काहीही झालं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

सौरभनं गाळणी बाजूला ठेवली.

"तिचे वडील माझ्या ओळखीचे आहेत," तो म्हणाला. "इंगळे. नागपूरला त्या दिवशी बाकावर शेजारी बसले होते."

तिला आधी अर्थच लागला नाही.

"तनयाचं हृदय सुधारतंय हे मला दिवाळीत कळलं. तेव्हाच मी निहारचे रिपोर्ट घेऊन इथल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तेव्हाही उशीर झाला होता."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

तो ओट्याला टेकून उभा राहिला. बोलताना तिच्याकडे बघत नव्हता, वाटीतल्या पाण्याकडे बघत होता. तोवर त्यानं तिच्यावर राग धरला होता, असं तो म्हणाला. त्या रागाचा त्याला आधार होता. सकाळी उठायला, कॉलेजात जायला, निहारसमोर हसायला. ती चुकली असेल, असेलच, असं म्हणत तो दिवस काढत होता. "मग इंगळेंचा फोन आला आणि तू खरंच चुकली होतीस," तो म्हणाला. "त्यानंतर मला राग धरताच आला नाही. वाटलं, हे तुला कळलं तर तू कशाच्या आधारानं उठशील?"

दिवाळीपासूनचे चहाचे कप तिच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यातल्या प्रत्येक सकाळी त्याला माहीत होतं. क्लिनिकच्या पायऱ्या चढताना, कप ठेवताना, परत जाताना माहीत होतं. तिला त्याचा हात धरावासा वाटला आणि तो झिडकारावासाही वाटला. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. थोड्या वेळानं तोही समोर येऊन बसला. मुगाचं पाणी ओट्यावर निवत राहिलं.

"त्याला सांगायचं नाही," सौरभ म्हणाला.

तिनं मान हलवली. इतक्या महिन्यांत दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट होती.

आतून निहारनं हाक मारली. आवाज एवढा बारीक होता की सौरभला तो ऐकू आलाच नाही, ऋचाला आला. दोघं उठून आत गेली. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि हात उचलून डोळ्यांवर धरण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं.

"पडदा ओढ ना," तो म्हणाला. "डोळ्यात जाऊन राह्यलं."

ऋचानं पडदा ओढला. कडी जुनी होती, पडदा टोकापर्यंत सरकेना, वीतभर फट राहिली आणि उन्हाची एक पट्टी त्याच्या चादरीवर येऊन थांबली. निहारनं डोळे मिटले होते. पट्टी तशीच राहू द्यायची की तीही बंद करायची, हे तिला ठरवता येईना. पडदा हातात धरून ती सौरभकडे वळली आणि त्यालाच विचारलं.